उघड्या दरवाज्याला कुलूप

१

सकाळी शेताकडे निघालेल्या माणसांना ओढा भरून वाहताना दिसला. पाऊस संपून कितीतरी दिवस झाले होते, आणि या दिवसांत ओढ्यात बेडकाचे पायसुद्धा भिजत नाहीत. माणसं थबकली, एकमेकांकडे पाहू लागली आणि मग सगळी एकदमच धरणाच्या दिशेने चालू लागली.

धरण तसं लहानच होतं, आणि मातीचं. दोन टेकड्यांच्या मध्ये लांबलचक बांध घातलेला. बांधाच्या पोटात टेकडीवरून आणलेली पिवळी चिकणमाती दाबून भरलेली, पाण्याच्या अंगाला दगड लावलेले आणि बाहेरच्या अंगाला गवत. गावातली पोरं घसरगुंडी म्हणून वापरतील एवढाच त्याचा रुबाब. पण खालची सगळी हिरवी शेतं आणि त्याहून खाली ओढ्याकाठची वस्ती त्याच्याच जिवावर उभी होती.

त्या धरणातलं पाणी रातोरात माणसाच्या कमरेइतकं उतरलं होतं. काठच्या दगडांवर ओला, काळपट पट्टा राहिला होता, आणि पाणी अजून उतरतच होतं.

पाणी समितीचे अध्यक्ष सगळ्यांत आधी पोचले. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि माणसांशीही ते बिघडलेल्या यंत्राशी बोलावं तसंच बोलत. त्यांनी एका दमात निकाल देऊन टाकला. दरवाज्याची किल्ली पाटकऱ्याकडे. जुनं कुलूप तोडलेलं नाही, किल्लीने उघडलंय. म्हणजे पाटकऱ्याचंच काम. शेतांना पाणी वाटून देणारा हा माणूस, त्यानेच पाणी विकलं असणार किंवा उधळलं असणार. त्याला पोलिसांच्या हवाली करायचं आणि दरवाजा बंद करायचा. उद्या सकाळी वरच्या मोठ्या तलावातून या धरणासाठी वर्षातलं एकमेव पाणी सुटणार होतं. त्याच्या आत दरवाजा बंद व्हायलाच हवा होता.

कुणीतरी म्हणालं, बाईंना बोलवा.

बाई म्हणजे शाळेतल्या जुन्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांच्या आईबापांना. भांडण कुठलंही असो, शेवटी त्यांच्या ओट्यावर येऊन थांबायचं. गुडघे दुखायचे म्हणून त्या काठी टेकत, सावकाश बांधावर चढल्या. अध्यक्षांचं बोलणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. वर्गात एखादा मुलगा चुकीचं उत्तर ठणकावून सांगत असला तरी त्याला मध्ये तोडायचं नाही, ही त्यांची सवय.

मग त्या चौथऱ्यापाशी गेल्या. पाण्याखालचा लोखंडी दरवाजा उचलायचं चाक तिथे होतं. चाकाला साखळी घातलेली होती, आणि साखळीला नवं कोरं कुलूप.

“हे कुणाचं?” त्यांनी विचारलं.

कुणाचंच नव्हतं. समितीचं जुनं कुलूप बाजूला गवतात पडलं होतं.

बाई बराच वेळ त्या कुलपाकडे बघत राहिल्या. पाणी चोरायला आलेला माणूस दरवाजा उघडतो आणि पळतो. नासधूस करायला आलेलाही पळतो. या माणसाने दरवाजा उघडला, चाकाला साखळी घातली, आपल्या पदरचं कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेला.

बंद दरवाज्याला कुलूप लावणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते. उघड्या दरवाज्याला कुलूप लावणारा हा पहिलाच.

२

अध्यक्षांनी बाईंना संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. देताना चेहरा असा केला की जणू स्वतःच्या दुकानातलं एखादं हत्यार उसनं देत आहेत.

बाईंनी आधी चौथराच नीट पाहिला. पहिली गोष्ट अशी की दरवाजा पूर्ण उचललेला नव्हता. चाकाचा दांडा थोडासाच वर आला होता. दुसरी गोष्ट खालच्या हौदातली. दरवाज्यातून निघालेलं पाणी आधी या हौदात येतं आणि तिथून त्याला दोन वाटा असतात, एक पाटातून शेतांकडे आणि दुसरी ओढ्याकडे. पाटाची वाट फळ्या लावून बंद केलेली होती. सगळं पाणी ओढ्याला सोडलेलं होतं, म्हणजे कुणाच्याच शेतात न जाता वाया चाललेलं.

आणि तिसरी गोष्ट ते कुलूप. दव आत जाऊ नये म्हणून त्याच्यावर काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून सुतळीने बांधला होता. त्या तुकड्याला ओळीने बारीक गोल भोकं होती. दवापासून वाचवायला भोकं पडलेलं प्लॅस्टिक कोण वापरेल? ज्याच्या हाताशी तेच असतं तो. बाई मनाशी एवढंच म्हणाल्या आणि उतरल्या.

पाटकरी बांधाच्या टोकाला, चौकीच्या खोलीत राहायचा. एकटाच होता. तीन दिवस तापाने अंथरुणात पडलेला, डोळे आत गेलेले. बाई दारात दिसताच तो उठायला लागला, त्यांनी हातानेच खूण करून बसवलं. भिंतीवर किल्लीची खुंटी होती आणि ती रिकामी होती.

त्यांनी विचारलं ते सगळं त्याने ऐकलं. काल संध्याकाळी खोलीत कोण कोण आलं होतं, या प्रश्नावर त्याने मान खाली घातली. ताप होता, झोप लागली होती, आठवत नाही, म्हणाला. बाई त्याला पहिलीपासून ओळखत होत्या. याला खोटं बोलता येत नसे, फक्त गप्प बसता येत असे, आणि गप्प बसला की कान लाल व्हायचे. आत्ताही झाले होते.

“नोकरी जाईल तुझी,” बाई म्हणाल्या. “ही खोलीही जाईल. पोलीस येतील ते निराळंच.”

“माहितीये.”

“मग?”

तो खिडकीतून पाण्याकडे बघत राहिला. मग महिन्याभरापूर्वीची गोष्ट सांगू लागला. बांधाच्या पायथ्याशी एक चर आहे, बांधातून झिरपलेलं पाणी त्यात गोळा होतं. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, फक्त ते स्वच्छ असावं लागतं. पाटकरी रोज सकाळी चराच्या तोंडाशी काचेच्या पेल्यात ते धरून बघायचा. महिन्याभरापूर्वी त्याला वाटलं, झिरपणं वाढलंय. त्याने अध्यक्षांना नेऊन दाखवलं. अध्यक्षांनी पेला भरला, उजेडात धरला, पाणी अगदी नितळ होतं. मग त्यांनी ते चारचौघांसमोर पिऊन टाकलं आणि म्हणाले की याच्याहून चांगलं पाणी आमच्या घरच्या माठात नाही. सगळे हसले. तो किस्सा नंतर गावभर झाला.

“म्हणून चिडून तू दरवाजा उघडलास, असं लोक म्हणतील.”

“म्हणू देत.” तो थांबला. “बाई, एक करा. ते कुलूप तोडू देऊ नका. ज्यानं लावलंय त्यालाच काढू दे.”

“कुणी लावलंय?”

त्याचे कान पुन्हा लाल झाले.

३

धरणात मासे पाळायचा ठेका ज्यांच्याकडे होता ते मासेवाले काका काठावर डोक्याला हात लावून बसले होते. पाणी उतरल्यावर मासे पकडायला सोपे जातात, त्यामुळे त्यांच्यावरही काही लोकांचा संशय होता. बाईंनी तसं म्हणायच्या आधीच ते म्हणाले की यंदाचं बी नुकतंच सोडलंय, बोटाएवढे मासे आहेत, दरवाज्यातून अर्धे ओढ्यात गेले, आता ते काय बगळ्यांच्या लग्नाला वाढू? बाईंना पटलं. माळी स्वतःची रोपं उपटून फळं शोधत नाही.

पण बाईंनी त्यांना बोलतं ठेवलं, आणि बोलता बोलता काका एक गोष्ट सांगून गेले. बांध जिथे वळतो त्या कोपऱ्यात ते हल्ली जाळं टाकत नसत. तिथे पाण्यावर एक लहानसा भोवरा फिरायचा, वाटीएवढा. पान पडलं तर गोल गोल फिरून खाली जायचं. खाली खडक असेल आणि जाळं फाटेल म्हणून काका तिकडे फिरकत नव्हते. कधीपासून, तर पाऊस संपल्यापासून.

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण काठीवरची पकड घट्ट झाली.

दुसरा संशय टेलवाल्या अण्णांवर होता. त्यांचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला, म्हणून हे नाव पडलं होतं. वरच्यांचं पाणी घेऊन झालं की यांच्यापर्यंत ओलसर चिखल पोचायचा, आणि प्रत्येक बैठकीत ते त्यावरून भांडायचे. आमच्या नशिबात पाणी नाही तर कुणालाच मिळू नये, असं त्यांनी मागच्या बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते त्यांना आता चांगलंच आठवत होतं.

“बाई, तोंडाने बोललो, हाताने काही केलं नाही,” अण्णा म्हणाले. “माझी मोटर ओढ्यातल्या डबक्यावर बसवलेली. मी पाणी सोडलं असतं तर माझीच मोटर वाहून गेली असती ना.”

“गेली का?”

अण्णा जरा गोंधळले. गेली नव्हती. सकाळी बघितलं तर मोटर काठावर उंच जागी, बाभळीच्या बुंध्याला बांधलेली होती. त्यांना वाटलं मुलाने उचलली, आणि मुलाला वाटलं बापाने.

“कुणाला दिसलं?”

कुणालाच नाही. पण खालच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या धोब्याने सांगितलं की संध्याकाळी कुणीतरी लांबूनच हाक मारून गेलं, ओढ्यात कपडे ठेवू नका, पाणी येणारे. आवाज बाईमाणसाचा होता, पण सूर्य डोळ्यांवर होता, चेहरा दिसला नाही.

बाई बाभळीखालच्या दगडावर बसल्या. ज्याने सगळ्यांचं पाणी घालवलं, त्याने जाता जाता एका भांडकुदळ माणसाची मोटर जपून बाजूला ठेवली होती, आणि धोब्याची धोतरंही. हा चोर कुणाचंच नुकसान व्हावं म्हणून आलेला नव्हता.

त्यांनी मोटरीला बांधलेला दोर हातात घेतला. दोराच्या टोकाला तीच बारीक सुतळी होती, कुलपावरच्या प्लॅस्टिकची.

४

बांधाच्या पायथ्याशी, चरापासून हाकेच्या अंतरावर, पाटकऱ्याच्या बहिणीची रोपवाटिका होती. ती टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं तयार करून विकायची आणि भावाला दोन वेळचं जेवण पोचवायची. गावात सगळे तिला रोपवाली ताई म्हणत. बाई तिथे पोचल्या तेव्हा ती रोपांना पाणी देणाऱ्या बारीक नळ्या तपासत होती. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या रांगाच रांगा, आणि जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून प्रत्येक पिशवीच्या बुडाला ओळीने पाडलेली बारीक गोल भोकं.

बाईंनी पिशव्यांकडे पाहिलं. ताईने बाईंकडे पाहिलं.

ताईने स्टूल पुसून दिलं, चहा टाकला. बाईंनी रोपांची चौकशी केली, कीड, ऊन, सगळ्याची. ताई नीट उत्तरं देत होती, फक्त प्रत्येक उत्तराच्या शेवटी तिची नजर धरणाकडे जात होती. पाण्याच्या पातळीकडे. उकळणाऱ्या दुधावर लक्ष ठेवावं तशी.

बाई इकडेतिकडे बघत होत्या. या भागातली जमीन काळी. ताईच्या पिशव्यांतली माती काळी, वाफ्यांतली काळी, तिच्या पायांना लागलेलीही काळी. पण पाण्याच्या टाकीशेजारी, जिथे भांडी धुतली जात, तिथे पिवळ्या गाळाचा ढीग होता. गुडघ्याएवढा, आणि वरचा थर अजून ओला. त्याच्या शेजारी गोणपाटाची एक लांबट पिशवी वाळत घातली होती, तिच्या शिवणीत वाळू अडकलेली.

“ही पिवळी माती कुठून आणलीस गं?”

चहा उतू गेला. ताईने तो पुसायला जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला.

“आणली नाही, बाई,” ती शेवटी म्हणाली. “आली.”

पुढचं संध्याकाळी सांगते म्हणाली. नाहीतर उद्या सकाळी. पाणी अजून थोडं खाली जाऊ दे, मी स्वतः येईन सगळ्यांसमोर, पण आत्ता नको, असं हात जोडून म्हणाली.

तेवढ्यात बांधावरून माणसांचा गलका ऐकू आला. अध्यक्षांचा धीर संध्याकाळपर्यंत टिकला नव्हता. ते दुकानातून लोखंड कापायची करवत घेऊन निघाले होते.

५

माणसं चौथऱ्याकडे चालली होती. बाई उलट्या दिशेने निघाल्या, चराकडे. ताई मागून येत म्हणत होती की तिकडे नका जाऊ, दगड निसरडे आहेत. बाई थांबल्या नाहीत.

चराच्या तोंडाशी पाणी नितळ होतं. पाटकरी रोज पेला धरायचा ती हीच जागा, अध्यक्ष ऐटीत पाणी प्यायले तीही हीच. बाई तिथे थांबल्या नाहीत. चराच्या कडेकडेने वर, बांधाला जिथे पाझर फुटतो तिथपर्यंत गेल्या. तिथे दगड रचून ठेवले होते. त्यांनी काठी बाजूला ठेवली, दुखऱ्या गुडघ्यांवर बसल्या आणि दगडांखाली हात घातला.

हाताला गोणपाट लागलं. वाळू भरलेली पिशवी, वाळत घातलेलीच्या जोडीची, पाझराच्या तोंडात बुचासारखी बसवलेली. सगळं पाणी तिच्यातून गाळून पुढे जात होतं.

बाईंनी ती ओढली. निघेना. तेव्हा मागून दुसरे दोन हात आले, तरुण, मातीने भरलेले. ताई रडत होती, रडत रडत सगळं सांगत होती, पण ओढत होती. पिशवी निघाली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग दगडांतून पाणी आलं ते पिवळंधमक.

६

अध्यक्षांची करवत साखळीवर टेकलीच होती. ताई बांधावर धावत चढली आणि कुलपावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. तिला बाजूला कसं करायचं हे कुणाला सुचेना, आणि तेवढ्यात बाई धापा टाकत वर आल्या. त्यांच्या हातात चराकाठी ठेवलेला पाटकऱ्याचा काचेचा पेला होता, पिवळ्या पाण्याने भरलेला. त्यांनी तो अध्यक्षांपुढे धरला.

“घ्या, प्या.”

अध्यक्षांनी पेल्यात बघितलं आणि करवत खाली ठेवली.

मग बाई चौथऱ्यावर टेकल्या आणि त्यांनी सावकाश, वर्गात समजावून सांगावं तसं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की पाणी ज्याने सोडलं त्याला ते नको होतं, नाहीतर पाट बंद करून ओढ्याला कशाला सोडलं असतं? त्याला कुणाचं वाईटही करायचं नव्हतं, नाहीतर अण्णांची मोटर बाभळीला कुणी बांधली असती? मोटरीचं नाव निघताच अण्णा खाली बघू लागले.

दरवाजा थोडासाच उघडला होता, हेही तसंच. भिजलेल्या बांधाला आतून पाण्याचा आधार असतो. पाणी एकदम काढलं तर आतला उतार ढासळतो, म्हणून हळूहळूच सोडायचं असतं. हे पाटकऱ्याला माहीत असतं, किंवा त्याच्या घरातल्या माणसाला, जे लहानपणापासून त्याच्याबरोबर या चाकापाशी खेळलंय. खुंटीवरची किल्ली न विचारता घेता येईल असं माणूसही तेच. आणि कुलपावरचं प्लॅस्टिक रोपवाटिकेतलं आहे.

ताईने मान खाली घातली. गर्दीत कुजबुज झाली. पाटकरी चादर गुंडाळून मागे येऊन उभा राहिला होता. तो पुढे होऊन म्हणाला की तिचं ऐकू नका, मीच उघडलं.

“तू गप्प बस,” बाई म्हणाल्या. “तुला रिकामी खुंटी बघून सकाळीच कळलं की हिने केलंय. का केलंय, हे अजूनही कळलेलं नाही. ते मी सांगते.”

ताईच्या रोपांना बारीक नळ्यांतून थेंब थेंब पाणी जातं. ते पाणी ती झिरपाच्या चरातून घ्यायची. चराला कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे, पण बहिणीने पेल्याच्या जागेच्या खालून, वाया जाणारं चार घागरी पाणी घेतलं तर काय बिघडतं, म्हणून भावाने डोळेझाक केली. पुढे नळ्यांत डोळ्यांना न दिसणारा बारीक गाळ अडकायला लागला. तिने वाळूची पिशवी बसवली. खाली प्रवाह पसरट होता, पिशवी वाहून जायची, म्हणून ती वर, पाझराच्या तोंडातच बसवली. भावाला सांगितलं नाही. एवढ्या तेवढ्या गोष्टीत सांगायचं काय, असं वाटलं. आणि त्या दिवसापासून गाळ वाढला तरी पाटकऱ्याच्या पेल्यात नितळच पाणी येत राहिलं. धरण आजारी होतं, आणि त्याची जीभ मात्र रोज स्वच्छ पुसलेली.

“उशीला बारीक भोक पडलं की काय होतं?” बाईंनी विचारलं. “कापूस थोडा थोडा बाहेर येतो. उशी वरून तशीच दिसते. एके दिवशी डोकं ठेवलं की खाली काहीच नसतं. त्या वळणावर मासेवाल्या काकांनी जो भोवरा पाहिलाय तिथून पाणी बांधात शिरतंय, आणि इथून बांधाच्या पोटातली पिवळी माती घेऊन बाहेर पडतंय. पाऊस संपल्यापासून. टाकीजवळचा ढीग बघा जाऊन. तो आपला बांध आहे.”

उद्या सकाळी वरच्या तलावाचं पाणी येणार होतं आणि धरण काठोकाठ भरणार होतं, हे आता प्रत्येकाच्या मनात एकाच वेळी आलं. खालच्या वस्तीत चुली पेटल्या होत्या, त्यांचा धूर इथून दिसत होता.

“तुम्ही पाणी प्यायल्याची गोष्ट मला परवा कळली,” ताई अध्यक्षांना म्हणाली. “रोपं घ्यायला आलेली माणसं हसत सांगत होती. मी हसले, आणि मग पिशवी धुवायला घेतली तर ती पिवळी. रोज जास्त पिवळी. तेव्हा लक्षात आलं की तुम्ही पाणी नाही प्यायलात, माझी चाळणी प्यायलात.”

“मग सांगायचं नाही का, पोरी?” अध्यक्ष पहिल्यांदाच हळू बोलले.

“सांगितलं असतं तर दादाची नोकरी गेली असती. आणि तुम्ही आठ दिवस बैठक घेतली असती. वरचं पाणी उद्याच येतंय.”

अध्यक्षांनी खिशातून फोन काढला आणि पाटबंधारे खात्याच्या साहेबांना लावला.

७

साहेब दुपारी आले. त्यांनी वळणावरचा भोवरा पाहिला, चर पाहिला, पिवळा ढीग पायाने उकरून पाहिला. आल्या आल्या फारसं न बोलता त्यांनी दोन गोष्टी केल्या. वरच्या तलावाचं पाणी थांबवलं आणि खालची वस्ती शाळेत हलवायला सांगितली. दरवाजा आहे तसाच राहू द्या, म्हणाले, ज्याने उघडला त्याने बेताने उघडलाय. पाणी भोकाच्या खाली गेलं की धोका टळेल. मग बांध खणून नव्याने भरायचा. यंदा शेतांना पाणी मिळणार नाही, हे त्यांनी स्पष्टच सांगितलं.

अण्णा तरातरा पुढे आले. लोकांना वाटलं, आता भांडणार. ते म्हणाले की वस्तीतलं सामान हलवायला माझी बैलगाडी घ्या.

सगळं मार्गी लागल्यावर साहेबांनी तो प्रश्न विचारला, जो कुणीतरी विचारणारच होतं. इतके दिवस माती वाहत होती, तर चराचं पाणी स्वच्छ कसं दिसत होतं?

अध्यक्षांनी घसा साफ केला. पाणी कालच अचानक गढूळ झालं असं लिहा ना, म्हणाले. पोरीने गाव वाचवलं, पोराने इमानाने नोकरी केली, उगाच कशाला. आजूबाजूच्या माना हलल्या. पाटकरी बाईंकडे बघत होता, आणि ताईसुद्धा. साहेबही वाट बघत होते. बाई म्हणतील ते चालेल, असं त्यांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं.

बाईंना त्या क्षणी फार थकवा वाटला. दोघंही त्यांची मुलं होती. एकाची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर त्यांच्या एका शब्दावर होतं.

“अशी धरणं किती आहेत, साहेब?” त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, मोजता येणार नाहीत इतकी.

“आणि प्रत्येकाखाली कुणीतरी झिरपाचं पाणी वापरत असेल. नळ्या तुंबल्या की चाळणी लावेल. कुणाच्या मनात पाप नसेल.” त्या थांबल्या. पाटकऱ्याकडे न बघता पुढचं बोलणं त्यांना जमलं असतं, पण त्यांनी त्याच्याकडे बघूनच म्हटलं, “आपण हे लपवलं, तर आपणही पाझरात पिशवीच बसवली असं होईल.”

पाटकऱ्याने चादर सावरली. त्याचे कान लाल नव्हते.

“माझ्या चरात पिशवी होती, साहेब,” तो म्हणाला. “मी वर जाऊन बघायला हवं होतं. रोज खालीच पेला धरला. तसं लिहा.”

“बसवली मी,” ताई म्हणाली.

“राखायला मी होतो.”

साहेबांनी दोघांचंही लिहून घेतलं. नोकरीचं काय होईल हे त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. सांगायची गरज नव्हती. जाताना त्यांनी पाटकऱ्याकडून, ताईने परत दिलेल्या किल्लीसकट, किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला आणि खोली महिनाअखेरीला रिकामी केली तरी चालेल, असं जरा खालच्या आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, बाई आणि ताई चराकाठी बसल्या होत्या. दगडांतून येणारी पिवळी धार बारीक होत चालली होती. ताईची रोपं माना टाकत होती. त्यांना घालायला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न तिच्यापुढे उभा होता, पण ती त्याबद्दल बोलत नव्हती.

“दादा माझ्याशी बोलेल का, बाई?”

बाईंना याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं उत्तर त्यांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं.

पाटकरी बांधावरून उतरत होता. ताप उतरला होता, पण चाल अजून अशक्त होती. तो आला, बहिणीच्या शेजारी खाली बसला आणि धारेकडे बघू लागला. मग त्याने विचारलं, “वांगी किती उरलीत?”

“निम्मी.”

“विहिरीवरून घागरींनी आणू. उद्यापासून मला काय, वेळच आहे.”

धारेचे थेंब झाले. थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. मग एक थेंब दगडाच्या टोकाशी आला, तिथेच थांबून राहिला आणि पडला नाही.

पाटकरी उठला, दगडांखाली हात घालून पाझराचं तोंड चाचपडून आला, आणि ओला हात पँटला पुसत म्हणाला, “थांबलं. वस्तीतल्यांना सांगून येतो.”

“मी येते,” ताई म्हणाली, आणि दोघं निघाली.